निबंधावर ‘मांडणी विस्कळीत’ हा शेरा वारंवार येत असेल तर

अभ्यासपूर्ण निबंध तपासून परत येतो आणि शेवटच्या पानावर ‘माहिती चांगली, मांडणी विस्कळीत’ किंवा ‘निबंध वर्णनात्मक झाला आहे’ असा शेरा असतो. पुढच्या निबंधासाठी विद्यार्थी अधिक वाचन करतो, परिच्छेदांची उलटापालट करतो, ठिकठिकाणी उपशीर्षके देतो, ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’, ‘दुसरीकडे’ असे शब्द पेरतो. आणि तरीही जवळपास तोच शेरा पुन्हा पदरी पडतो. पदवीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्यांपासून प्रबंधाचे प्रकरण लिहिणाऱ्यांपर्यंत अनेकांची ही तक्रार असते, आणि तिच्यावरचा उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी केला जात असल्यामुळे ती मिटत नाही.

मांडणीत दिसणारा दोष बहुधा मांडणीतला नसतो. परिच्छेदांचा क्रम निबंधाच्या मुख्य प्रतिपादनातून निघतो. प्रतिपादन आणि विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: विषय हा दिलेला असतो, तर प्रतिपादन हे त्या विषयासंबंधी लेखकाने स्वतः केलेले आणि सिद्ध करण्याची जबाबदारी घेतलेले विधान असते. असे विधान हाती नसेल, तर कोणता परिच्छेद आधी यावा आणि कोणता नंतर, हे ठरवण्यासाठी काही निकषच उरत नाही. मग घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने, किंवा पुस्तके ज्या क्रमाने वाचली त्या क्रमाने परिच्छेद मांडले जातात. अशा निबंधातील परिच्छेद कितीही वेळा हलवले, तरी फक्त जागा बदलतात. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट मुळातच नसते.

दोष कुठे आहे हे आधी तपासावे

यासाठी एक साधी चाचणी आहे आणि ती निबंध लिहून झाल्यावर करायची असते. पूर्ण झालेला खर्डा घ्यावा आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एकच वाक्य लिहावे. ते लिहिताना एक नियम कसोशीने पाळावा: परिच्छेद कशाविषयी आहे हे लिहायचे नाही, तो काय म्हणतो हे लिहायचे. ‘गुटेनबर्गचे यंत्र’ अशी नोंद येथे उपयोगाची नाही. ‘सुट्या खिळ्यांच्या छपाईमुळे एकाच मजकुराच्या शेकडो एकसारख्या प्रती काढणे शक्य झाले’ ही नोंद उपयोगाची आहे, कारण तिला क्रियापद आहे आणि ती खरी की खोटी हे विचारता येते.

या कामाला बसल्यावर दोष आपोआप वर येऊ लागतात. एखाद्या परिच्छेदाचे म्हणणे एका वाक्यात मावत नसेल, तर त्यात दोन परिच्छेद कोंबले गेले आहेत. दोन वेगवेगळ्या परिच्छेदांसमोर जवळजवळ तेच वाक्य येत असेल, तर ती पुनरुक्ती आहे, आणि वाचताना ती जाणवली नव्हती याचे कारण उदाहरणे वेगळी होती एवढेच. काही परिच्छेदांसमोर मात्र कितीही प्रयत्न केला तरी नुसती माहितीच लिहिता येते: अमुक साली अमुक घडले. असे एकदोन परिच्छेद प्रत्येक निबंधात असतात आणि असायला हरकत नाही, कारण वाचकाला थोडी पार्श्वभूमी द्यावीच लागते. निम्म्याहून अधिक परिच्छेद असे निघाले, तर ‘वर्णनात्मक’ या शेऱ्याचा उगम तेथे सापडला.

त्यानंतर समासातील ती वाक्ये एका वेगळ्या कागदावर ओळीने उतरवावीत आणि मधल्या कोणत्याही दोन वाक्यांची अदलाबदल करून पाहावी. अदलाबदल केल्यावर काहीच बिघडत नसेल, तर ती यादी आहे. तो युक्तिवाद नाही. युक्तिवादात पाचवे वाक्य तिसऱ्यावर उभे असते, आणि तिसरे काढले की पाचवे कोसळते. मला ही चाचणी इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती लेखकाच्या हेतूकडे पाहत नाही, प्रत्यक्ष कागदावर काय उतरले आहे तेवढेच पाहते.

एक उदाहरण सविस्तर

समजा प्रश्न असा आहे: ‘युरोपातील धर्मसुधारणेच्या प्रसाराला मुद्रणकला कितपत कारणीभूत होती?’ (धर्मसुधारणा म्हणजे सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चविरुद्ध उभी राहिलेली, प्रोटेस्टंट पंथांना जन्म देणारी चळवळ.) या प्रश्नावरच्या सरासरी निबंधाच्या समासात साधारण पुढील वाक्ये येतात. गुटेनबर्गने १४५० च्या दशकात माइन्झ येथे बायबल छापले. त्यापूर्वी ग्रंथ हाताने लिहून काढावे लागत आणि ते महाग असत. चर्चकडून पापमुक्तिपत्रे विकली जात होती. १५१७ मध्ये मार्टिन लूथरने त्यांविरुद्ध ९५ कलमे मांडली. ती कलमे छापली गेली आणि सर्वत्र पसरली. पुढे लूथरने बायबलच्या नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. अशा रीतीने धर्मसुधारणेच्या प्रसारात मुद्रणकलेचा मोठा वाटा होता.

यातले काहीही चुकीचे नाही, आणि तरीही प्रश्नाचे उत्तर येथे आलेले नाही. शेवटचे वाक्य उत्तरासारखे दिसते खरे, पण मुद्रणकलेचा वाटा मोठा होता हे नाकारणारा शहाणा माणूस शोधून सापडणार नाही. जे कोणी नाकारतच नाही ते सिद्ध करण्यासाठी सहा परिच्छेद लागत नाहीत, आणि म्हणूनच ते सहा परिच्छेद काहीही सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता नुसते एकामागून एक उभे राहतात. शिवाय प्रश्नातील ‘कितपत’ या शब्दाकडे कोणी वळूनही पाहिलेले नाही. ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘कितपत’ हे शब्द प्रश्नपत्रिकेची सजावट म्हणून येत नाहीत. निबंधाचा सांगाडा कसा असावा याची अर्धी सूचना त्यांतच असते. ‘कितपत’ असे विचारले की मर्यादा सांगणे भाग पडते: कुठपर्यंत कारणीभूत, आणि त्यापुढे आणखी काय.

मग प्रतिपादन आणायचे कोठून? पहिली जागा म्हणजे पहिल्या खर्ड्याचा शेवटचा परिच्छेद. लिहिता लिहिताच विचार पक्का होत जात असल्यामुळे लेखकाला काय म्हणायचे आहे ते बरेचदा अखेरच्या चारपाच ओळींत प्रथमच उमटते. असे काही तेथे सापडले, तर ते उचलून निबंधाच्या आरंभी आणावे आणि बाकीचा खर्डा त्याच्या धोरणाने पुन्हा लिहावा; खर्डा वाया गेला असे समजू नये, कारण त्याचे काम तेवढेच होते.

दुसरी जागा अधिक फलदायी आहे, पण तिच्याकडे लोक पाठ फिरवतात. वाचनात आलेली आणि निबंधात कुठेच न बसणारी एखादी गोष्ट आठवून पाहावी. वरील विषयात बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेश) धर्मोपदेशक यान हुस हे असे न बसणारे उदाहरण आहे. लूथरच्या आधी सुमारे शंभर वर्षे हुसने चर्चवर मूलगामी टीका केली. त्याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने दोषी ठरवले आणि जिवंत जाळण्यात आले. युरोपात तेव्हा छापखाना नव्हता, तरीही त्याच्या अनुयायांची चळवळ बोहेमियात विझली नाही. केवळ मुद्रणामुळे सुधारणा शक्य झाली असे मानणाऱ्या निबंधाला हे उदाहरण अडचणीचे वाटते, आणि म्हणून ते वगळले जाते. वास्तविक प्रतिपादनाला धार येते ती याच अडचणीतून. हुसवादी चळवळ टिकली कशाने? बोहेमियातील सरदारांच्या पाठबळाने. आणि ती मुख्यतः बोहेमियातच का राहिली, लूथरच्या विचारांसारखी काही वर्षांत युरोपात दूरवर का पसरू शकली नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवली की एक नवे विधान हाती येते: मुद्रणाने धर्मसुधारणेच्या प्रसाराचा वेग आणि पल्ला ठरवला; एखाद्या प्रदेशात ती टिकली की नाही, हे मात्र तेथील राजाश्रयाने ठरवले.

हे विधान नाकारता येण्यासारखे आहे. ‘नाही, टिकण्याचे कारणही छपाईच होते, कारण छापलेला विचार पूर्णपणे नष्ट करता येत नाही’ असे कोणी जाणकार म्हणू शकतो. प्रतिपादनाची हीच कसोटी आहे: त्याच्या उलट विधान करणारा वाचक कल्पिता आला पाहिजे, आणि तो मूर्ख ठरता कामा नये.

आता क्रमाकडे पाहावे. या विधानाचे दोन भाग आहेत, वेग आणि टिकाव. त्यांत वेग आधी यायला हवा, कारण टिकावाचा प्रश्न पसरल्यावरच उद्भवतो. वेग सिद्ध करणाऱ्या परिच्छेदांत १५१७ अखेरपर्यंत न्यूरेंबर्ग, लाइप्झिग आणि बाझेल येथे कलमे छापली गेली हे येईल, आणि सप्टेंबर १५२२ मध्ये निघालेल्या जर्मन नव्या कराराची दुसरी आवृत्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात काढावी लागली हेही येईल. त्यानंतर हुसचे उदाहरण सांध्याच्या जागी बसते, कारण ते वेग आणि टिकाव यांना एकमेकांपासून वेगळे करून दाखवते. मग टिकावाचा भाग: १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेनंतर लूथर पवित्र रोमन साम्राज्यात बहिष्कृत ठरला, तेव्हा सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मताचा अधिकार असलेला शासक) फ्रेडरिक याने त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवले, आणि १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने तर प्रदेशाचा धर्म ठरवण्याचा अधिकारच त्या त्या शासकाकडे दिला. गुटेनबर्गचे चरित्र, हस्तलिखितांची किंमत, पापमुक्तिपत्रांचा इतिहास हे सगळे आता एका छोट्या परिच्छेदात आटोपते किंवा गळून पडते. ते काढताना जिवावर येते हे खरे आहे, कारण त्यासाठीही वाचन केलेले असते. परंतु वाचले म्हणून लिहिले, हे कारण परीक्षकाला पटत नाही. येथे क्रम वेगळा ‘योजावा’ लागला नाही, तो विधानातच होता.

परिच्छेदाच्या आत काय बिघडते

प्रतिपादन ठीक असूनही शेरा येत असेल, तर परिच्छेदांच्या आत डोकावावे लागते. येथे न्यायदर्शनातील पाच अवयवांची जुनी चौकट मला आजच्या लेखन-मार्गदर्शनातील बहुतेक सूत्रांपेक्षा सरस वाटते. दुसऱ्याला पटवून देण्यासाठी केलेल्या अनुमानात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच टप्पे सांगितलेले आहेत. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या पर्वतावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन.

विद्यार्थ्यांच्या परिच्छेदांत यांतील चार अवयव बऱ्यापैकी सापडतात, उपनय मात्र बहुतेक वेळा गायब असतो. लेखक विधान करतो, कारण देतो, उदाहरण म्हणून एखादी घटना किंवा अवतरण ठेवतो आणि लगेच पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. त्या उदाहरणातील नेमकी कोणती बाब आपल्या विधानाला आधार देते, हे सांगायचे राहून जाते, कारण लेखकाच्या मनात ते इतके स्पष्ट असते की सांगण्याची गरजच वाटत नाही. वाचकाला मात्र उदाहरण आणि विधान यांच्यामधली फट दिसते, आणि ती भरून काढण्याचे काम आपल्यावर सोपवले आहे असे त्याला वाटते. ‘विश्लेषणाचा अभाव’ हा शेरा याच फटीविषयी असतो.

वरील निबंधातलाच एक परिच्छेद घेऊ. ‘मुद्रणामुळे लूथरचे विचार वेगाने पसरले. १५१७ अखेरपर्यंत त्याची कलमे न्यूरेंबर्ग, लाइप्झिग आणि बाझेल येथे छापली गेली. १५१८ मध्ये त्याने पापमुक्तिपत्रांविषयीचे आपले विचार जर्मन भाषेतील एका छोट्या पुस्तिकेत मांडले आणि तिच्याही अनेक आवृत्त्या निघाल्या.’ येथे दोन उदाहरणे आहेत आणि उपनय एकही नाही. आता तोच मजकूर असा वाचून पाहावा: ‘मुद्रणामुळे लूथरच्या विचारांच्या प्रसाराचा वेग लेखकाच्या हातात राहिला नाही. १५१७ अखेरपर्यंत त्याची कलमे न्यूरेंबर्ग, लाइप्झिग आणि बाझेल येथे छापली गेली. ही तिन्ही शहरे एकमेकांपासून दूर आहेत आणि तेथील छपाईची व्यवस्था लूथरने केली नव्हती. म्हणजेच मजकूर एका शहरातून दुसरीकडे पोहोचला की स्थानिक मुद्रक आपल्या हिशेबाने त्याच्या प्रती काढत होता, आणि प्रवास करणाऱ्या धर्मोपदेशकाची वाट पाहण्याची गरज उरली नव्हती. कलमे लॅटिनमध्ये असल्यामुळे हा वेग प्रथम विद्वानांपुरताच होता. १५१८ च्या जर्मन पुस्तिकेने ती मर्यादा ओलांडली.’ माहिती जवळपास तेवढीच आहे. वाढली आहेत ती फक्त माहितीचा अर्थ सांगणारी वाक्ये, आणि दुसरे उदाहरण पहिल्याच्या शेजारी नुसते न ठेवता पहिल्याची उणीव भरून काढणारे म्हणून आणले आहे.

परिच्छेदाच्या लांबीची काळजी मात्र फारशी करू नये. उपनय नीट लिहिला की लांबी आपोआप वाजवी होते. एका पानावर पाचसहा परिच्छेद दिसत असतील, तर बहुधा विधाने आहेत पण आधार नाही. एकच परिच्छेद दीड पान चालला असेल, तर वरची समासाची चाचणी पुन्हा करावी.

पूर्वपक्ष चुकीच्या जागी येणे

विरोधी मताचा विचार करावा, हे प्रत्येकाला सांगितलेले असते. त्याचे पालन बहुतेक जण समारोपाच्या अलीकडे ‘तथापि काही अभ्यासकांचे मत वेगळे आहे’ असा एक परिच्छेद जोडून करतात. परिणाम असा होतो की, आतापर्यंत उभारलेल्या युक्तिवादाला लेखक स्वतःच शेवटच्या क्षणी धक्का देतो आणि सावरायला जागा उरत नाही. आपल्याकडील शास्त्रीय वादपद्धतीत हा गोंधळ नव्हता. मीमांसेतील अधिकरणाची (एकेका प्रश्नाच्या चर्चेची) रचना विषय, मग त्यावरचा संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतर सिद्धान्त अशा क्रमाने चालते. पूर्वपक्ष सिद्धान्ताच्या आधी येतो, कारण सिद्धान्ताची गरज त्याच्यामुळेच निर्माण होते.

प्रत्येक निबंधात पूर्वपक्ष आरंभीच असावा असे नाही. तो ज्या मुद्द्याला भिडतो, त्या मुद्द्याजवळ असावा, एवढे पुरेसे आहे. सोळाव्या शतकात बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते, मग छापील मजकुराचा एवढा प्रभाव कसा पडेल, हा आक्षेप वेगाच्या भागाला भिडतो. म्हणून त्याचे उत्तर तेथेच द्यावे: छापील पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवल्या जात, लाकडी ठशांची चित्रे निरक्षरांपर्यंत पोहोचत, आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्या धर्मोपदेशकाला त्याचा मजकूर अनेकदा छपाईतूनच मिळालेला असे. दुसरा आक्षेप टिकावाच्या भागाचा आहे. न्यूरेंबर्गसारखी मुक्त नगरे कोणा प्रादेशिक राजाच्या अधीन नव्हती, तरीही तेथील नगरपरिषदेने १५२५ मध्ये सुधारणा स्वीकारली. मग राजाश्रयाचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. अशा वेळी प्रतिपादनालाच दुरुस्त करावे: ‘राजाश्रय’ हा शब्द काढून ‘राजकीय संरक्षण’ असे म्हणावे, म्हणजे राजा, सरदार आणि नगरपरिषद हे तिन्ही त्यात येतात. पूर्वपक्षाने प्रतिपादनात एखादा शब्द तरी बदलायला लावला, तर तो मनापासून मांडला होता असे समजावे. नुसता खोडून काढण्यासाठी उभा केलेला दुबळा पूर्वपक्ष परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

संदर्भांची रांग

जे विद्यार्थी भरपूर वाचतात, त्यांच्या निबंधात आणखी एक दोष वरचेवर दिसतो. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात कोणा अभ्यासकाच्या नावाने होते: अमुक म्हणतात, तमुक यांच्या मते, तिसऱ्यांनी असे दाखवून दिले आहे. असा निबंध वरवर पाहता भारदस्त वाटतो, पण त्याचा क्रम ग्रंथालयातील कपाटाचा असतो. परिच्छेदांची पहिली वाक्ये तेवढी वाचून पाहिली की हे तत्काळ कळते. उपाय असा की अभ्यासकांची नावे वाक्याच्या आरंभावरून हटवून त्यांच्यातील मतभेदाचा मुद्दा तेथे आणावा. तीन अभ्यासक एकाच प्रश्नाला वेगळी उत्तरे देत असतील, तर त्यांच्यासाठी तीन परिच्छेद करू नयेत. प्रश्नाचा एक परिच्छेद करावा आणि त्यात तिघांना एकमेकांसमोर बसवावे. ज्यांचे एकमत आहे त्यांना एकाच वाक्यात घ्यावे. अवतरणाने परिच्छेद संपवण्याची सवयही सोडावी, कारण त्यामुळे परिच्छेदातील शेवटचा शब्द दुसऱ्याचा होतो आणि उपनयाला जागाच राहत नाही.

प्रस्तावना आणि समारोप

यांविषयी फार बोलण्याची गरज नाही. मधला भाग सुधारला की हे दोन्ही बहुतांशी सुधारतात. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, किंवा आधी लिहिली असल्यास शेवटी टाकून देऊन नव्याने लिहावी. ‘प्राचीन काळापासून मानव ज्ञानाचा प्रसार करत आला आहे’ अशा आरंभाने एक अख्खा परिच्छेद खर्च होतो आणि वाचक प्रश्नाच्या जवळही येत नाही. प्रश्न काय आहे, तो का अवघड आहे आणि लेखकाचे उत्तर काय आहे, एवढे तीन मुद्दे अडीच हजार शब्दांच्या निबंधात दोनअडीचशे शब्दांत सहज मावतात. निष्कर्ष आधीच सांगितला तर वाचकाची उत्सुकता संपेल, ही भीती कथालेखकाची आहे. निबंधाच्या वाचकाला कोठे जायचे आहे हे माहीत असलेलेच बरे.

समारोपात आधीची वाक्ये शब्द बदलून पुन्हा लिहू नयेत. आपले प्रतिपादन कोठपर्यंत लागू पडते आणि कोठे पडत नाही, ते मान्य केल्यास विषयाकडे पाहण्यात काय बदलते, हे सांगावे आणि थांबावे. नवा पुरावा येथे आणू नये, कारण त्याची छाननी करायला पाने उरलेली नसतात.

जेथे हा उपाय लागू पडत नाही

प्रयोगावर आधारित शास्त्रीय लेखनात प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा असे भाग ठरलेले असतात. तेथे क्रम लेखकाने शोधायचा नसतो. त्या लेखनावर ‘मांडणी विस्कळीत’ असा शेरा आला, तर बहुधा निष्पत्ती आणि चर्चा यांची सरमिसळ झालेली असते: आकडे सांगता सांगताच त्यांचा अर्थ लावला गेलेला असतो, किंवा चर्चेत अचानक नवे आकडे आलेले असतात. ते दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करून सहज वेगळे करता येतात.

दुसरी परिस्थिती पाच परिच्छेदांच्या निबंधाची आहे. एक प्रस्तावना, तीन मुद्दे, एक समारोप हा साचा शालेय लेखनासाठी शिकवला जातो आणि लहान उत्तरासाठी तो निरुपद्रवी आहे. अडीच हजार शब्दांसाठी तोच वापरला, तर एकेक मुद्दा सहासातशे शब्दांचा फुगीर गठ्ठा होतो, आणि मुद्दे तीनच का, याचे उत्तर साच्याखेरीज दुसऱ्या कशातच सापडत नाही. ज्यांना हा साचा सोडवत नाही, त्यांनी निदान तीन मुद्द्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य लिहिता आले, तर पुष्कळदा तेच प्रतिपादन ठरते.

एवढे करूनही शेरा कायम राहिला तर

समासातील वाक्ये ओळीने नीट वाचता येतात, प्रतिपादन नाकारता येण्याजोगे आहे, परिच्छेदांत उपनय आहे, आणि तरीही वाचणारा अडखळतो, अशी स्थिती क्वचित पण निश्चित येते. अशा वेळी परिच्छेदांमधले सांधे पाहावेत. विषयाशी परिचय नसलेल्या एखाद्याला प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचायला द्यावे आणि निबंधाचा युक्तिवाद त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. तो जेथे थांबेल, तेथील सांधा निखळलेला आहे.

सांधा दुरुस्त करताना ‘त्याचप्रमाणे’ किंवा ‘याशिवाय’ यांवर भिस्त ठेवू नये, कारण हे शब्द आणखी एक गोष्ट आली एवढेच सांगतात. आधीच्या गोष्टीशी तिचे नाते काय, ते सांगत नाहीत. ‘त्याचप्रमाणे राजकीय संरक्षणही महत्त्वाचे होते’ या वाक्याऐवजी ‘छापील पुस्तिका अनेक प्रदेशांत पोहोचल्या, पण त्यांतील काही प्रदेशांत चळवळ रुजली आणि काहींत ती दडपली गेली, हा फरक छपाईच्या वेगाने उलगडत नाही’ असे लिहिले की मागचा परिच्छेद कोठे अपुरा पडला आणि पुढचा कशासाठी येत आहे, हे दोन्ही कळते. असे वाक्य एखाद्या सांध्यासाठी कितीही प्रयत्न केला तरी लिहिता येत नसेल, तर त्या दोन परिच्छेदांत नातेच नाही, आणि त्यांपैकी प्रतिपादनाला ज्याची गरज नाही तो परिच्छेद काढून टाकावा लागेल.